गाळलेले पाणी आणि सोडलेले पाणी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत सांगली येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या ट्रस्टच्या वाटचालीस पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. ज्या पूर्वसूरींनी हा वटवृक्ष लावला, त्यांतील बहुतेक आज आपल्यात नाहीत. त्यांच्या पवित्र स्मृतीस प्रथम अभिवादन करतो. संयोजकांनी मला ‘पर्यावरण, शहर आणि आपण’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली. मी या विषयाचा अभ्यासक नाही. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि उभे आयुष्य कापडाच्या दुकानात गेलेले. त्यामुळे हिशेब आणि कापड या दोनच गोष्टींच्या आधाराने मी बोलणार आहे. सुदैवाने आजच्या विषयाला या दोन्ही गोष्टी पुरेशा आहेत.

जैनांची ओळख सांगताना इतर समाजबांधव दोन गोष्टी हमखास सांगतात. हे लोक रात्री जेवत नाहीत आणि पाणी गाळून पितात. पाणी गाळण्यासाठी आपल्या आजी-पणजी जाडसर, दाट विणीचे मांजरपाट वापरीत आणि ते दुहेरी करीत. विरळ मलमल त्या कामाला चालत नसे. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एका मुहूर्ताची, म्हणजे ४८ मिनिटांची. ती उलटली की पुन्हा गाळणे आलेच. पाण्यालाच अप्काय म्हणजे एकेंद्रिय जीव मानणाऱ्या आपल्या धर्माने पाण्याच्या प्रत्येक थेंबाकडे असे जपून पाहावयास शिकविले.

पण बंधुभगिनींनो, या आचाराचा उत्तरार्ध आज किती जणांच्या स्मरणात आहे? पाणी गाळून झाल्यावर गाळण्यावर जे सूक्ष्म जीव राहतात, ते मोरीत झटकून टाकावयाचे नसत. गाळलेले थोडे पाणी गाळण्याच्या उलट्या बाजूने ओतून ते जीव भांड्यात घ्यावयाचे आणि ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत ते भांडे हळुवारपणे पाण्यापर्यंत सोडून परत पोहोचवावयाचे. याला कोणी जिवाणी म्हणत, कोणी बिलछानी. वरून ओतले तर जीवांना इजा होईल, एका विहिरीचे दुसरीत सोडले तर तेथे ते जगणार नाहीत, इतका बारीक विचार त्यामागे होता. म्हणजे पाणी गाळणे हा केवळ आपल्या पोटाच्या शुद्धीचा आचार नव्हता. जेथून घेतले तेथे काय परत जाते, याचाही तो हिशेब होता. विहिरी गेल्या, नळ आले, घरोघरी शुद्धीकरणाची यंत्रे बसली आणि आचाराचा पहिला अर्धा भाग आपण यंत्राकडे सोपविला. दुसरा अर्धा भाग मात्र कोणाकडेच सोपविला नाही. तो गळून पडला.

आता थोडा हिशेब मांडू. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरण्याची पद्धत आहे आणि पुरविलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते मानतात. पाच माणसांच्या कुटुंबाला ६७५ लिटर पाणी लागले, तर ५४० लिटर घाण होऊन गेले. आपल्या समाजाची एक हजार कुटुंबे घेतली, तरी रोजचे ५ लाख ४० हजार लिटर होतात. दहा हजार लिटरचे ५४ टँकर दररोज आपल्या दारातून निघतात, असे डोळ्यांसमोर आणा. आपण जे गाळून पितो ते दिवसाला फार तर दहा-पंधरा लिटर. जे न गाळता सोडतो ते ५४० लिटर. व्यापाऱ्याच्या वहीत जमेची बाजू इतक्या काळजीने आणि नावेची बाजू इतक्या बेफिकिरीने लिहिलेली असेल, तर ती पेढी किती दिवस चालेल?

हे पाणी जाते कोठे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीप्रमाणे देशातील शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होते आणि त्यापैकी २०,२३६ दशलक्ष लिटरवरच प्रत्यक्ष प्रक्रिया होते. शंभरातील अठ्ठावीस भाग शुद्ध होतात, बहात्तर भाग तसेच ओढ्यात, नाल्यात आणि नदीत जातात. आपल्या सांगलीपुरते बोलायचे, तर शेरीनाल्याचे नाव न घेता पुढे जाता येत नाही. या नाल्याचे सांडपाणी कृष्णेत मिसळू नये म्हणून ते उचलून धुळगावकडे नेण्याची, तेथे शुद्ध करून शेतीला देण्याची योजना आखली गेली. कल्पना उत्तम होती. खर्चही झाला. तरीही नाल्याचे पाणी नदीत मिसळल्याच्या तक्रारी थांबल्या नाहीत. २०२३ च्या मार्चमध्ये अंकलीच्या परिसरात कृष्णेत असंख्य मासे मरून पाण्यावर तरंगले. त्याला साखर कारखानदारीचे पाणी कारण की शहराचे सांडपाणी, यावर वाद झाले. मासे मात्र मेले. मुंगीला पाय लागू नये म्हणून जपणाऱ्या माणसाने त्या दृश्याकडे केवळ वर्तमानपत्रातील बातमी म्हणून पाहावे काय?

आणि पाहा, नदी सांगलीला संपत नाही. सांगलीचा निरोप घेऊन ती हरिपूरला वारणेला भेटते, अंकली-उदगाववरून पुढे जाते, नृसिंहवाडीला तिला पंचगंगा मिळते. हा शिरोळ तालुका. येथे आपला समाज केवढ्या मोठ्या संख्येने आहे, हे या सभागृहाला मी सांगावयास नको. आपल्या लेकी त्या गावांत दिल्या आहेत, त्या गावांच्या लेकी आपल्या घरांत आल्या आहेत. ऊस आणि भाजीपाला पिकविणारे आपले शेतकरी बांधव नदीकाठच्या त्याच पाण्यावर शेती करतात आणि अनेक गावे तेच पाणी पितात. आपण मोरीत जे सोडतो, ते काही दिवसांनी आपल्याच बहिणीच्या घागरीत पोहोचते. वरच्या अंगाच्या गावांविषयी आपली जी तक्रार असते, तीच खालच्या अंगाच्या गावांची आपल्याविषयी असते. फरक इतकाच की पहिली तक्रार आपण मोठ्याने बोलतो आणि दुसरी आपल्यापर्यंत ऐकू येत नाही.

येथे कापडवाला म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. दुहेरी मांजरपाट कितीही दाट विणीचे असले, तरी ते डोळ्यांना दिसणारे किंवा त्याहून थोडे लहान जीव व कचरा अडविते. पाण्यात विरघळलेला रंग, मीठ, साबण, रसायन हे त्या कापडातून आरपार जाते. काविळीचा विषाणूही जातो. वस्त्रनगरी म्हणून आपण जिचा अभिमान बाळगतो, त्या शेजारच्या इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली आणि माणसे दगावली. २०२५ च्या आरंभी पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन-बॅरे नावाच्या आजाराचे अनेक रुग्ण आढळले आणि तेथेही संशयाचे बोट दूषित पाण्याकडेच गेले. आपली किती तरी मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी त्या शहरात राहतात. तात्पर्य, आपल्या घरच्या गाळण्याने आपले रक्षण होईल, तो काळ मागे पडला आहे. आता गाळणे शहराच्या तोंडाशी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात लावावे लागेल. ते एकट्या घराचे काम नाही. ते नगराचे काम आहे, म्हणजेच राजकारणाचे काम आहे.

‘राजकारण’ हा शब्द धर्मसंस्थेच्या व्यासपीठावर आला की काहींच्या कपाळावर आठी पडते. परंतु आपल्या शास्त्राकडे पाहा. मुनींसाठी पाच समिती सांगितल्या आहेत. ईर्या, भाषा, एषणा, आदाननिक्षेपण आणि पाचवी उत्सर्ग समिती. पाहून चालावे, जपून बोलावे, शुद्ध आहार घ्यावा, वस्तू जपून उचलावी व ठेवावी, हे आपण प्रवचनांत अनेकदा ऐकतो. पाचवीचा अर्थ असा की शरीराचा मलसुद्धा जीवजंतू नाहीत अशी जागा पाहून, कोणास पीडा होणार नाही अशा रीतीने टाकावा. मलविसर्जनाला आचारधर्मात इतके मानाचे स्थान देणारी परंपरा आपली आहे. मुनी ते पूर्णत्वाने पाळतात, गृहस्थाने आपल्या शक्तीप्रमाणे पाळावे. खेड्यातील गृहस्थ ते एकट्याने पाळू शकत होता. शहरातील गृहस्थाला ते महापालिकेमार्फतच पाळता येते. म्हणून गटार, मैलापाणी आणि कचरा हे विषय मला धर्माबाहेरचे वाटत नाहीत.

आता उत्तरदायित्वाकडे येतो. योगायोग असा, की पाणी प्रदूषण प्रतिबंधाचा केंद्रीय कायदा १९७४ चा. आपला ट्रस्ट आणि तो कायदा जवळजवळ एकाच वयाचे. दोघांनीही पन्नाशी गाठली. पन्नास वर्षांत आपल्या ट्रस्टचा हिशेब कसा ठेवला गेला? सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याप्रमाणे दरवर्षी लेखापरीक्षण होते, अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातो आणि वार्षिक सभेत शंभर रुपयांच्या खर्चावरूनही सभासद उभे राहून प्रश्न विचारतात. कोणी प्रश्न विचारला म्हणून तो संस्थेचा शत्रू ठरत नाही. उलट, त्या प्रश्नांमुळेच ही संस्था टिकली, असे मी जबाबदारीने म्हणतो. मग जी संस्था आपल्याकडून घरपट्टी, पाणीपट्टी घेते, जिच्या हाती आपल्या मुलांचे पाणी आहे, तिच्या हिशेबाविषयी आपण इतके अबोल का?

कायद्याने मार्ग दिलेले आहेत. १९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरांच्या स्वराज्याला घटनेचे अधिष्ठान दिले. पाणीपुरवठा, स्वच्छता व घनकचरा हे विषय बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी नमूद केले. दर पाच वर्षांनी, मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असेही तीत म्हटले आहे. प्रत्यक्षात काय घडले, ते आपण पाहिले. आपल्या सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिकेची मुदत २०२३ च्या ऑगस्टमध्ये संपली आणि निवडणूक झाली २०२६ च्या जानेवारीत. मधली जवळजवळ अडीच वर्षे कारभार प्रशासकांकडे होता. त्या काळात गटार तुंबले तर जावे कोणाकडे, असा प्रश्न पडला, हे मान्य. परंतु नगरसेवक असताना आपण त्यांच्याकडे कशासाठी जात होतो, हेही एकदा आठवावे.

आपण त्यांना पंचकल्याणक महोत्सवाचे निमंत्रण देतो, शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो, सभामंडपासाठी निधी मागतो, समोरचा रस्ता डांबरी करून मागतो. यात वावगे काही नाही. पण गेल्या पन्नास वर्षांत एखाद्या सत्कारसमारंभात ‘शुद्धीकरण केंद्र किती तास चालते?’ असा प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पाहुण्यास प्रश्न विचारणे अशिष्टपणाचे, अशी आपली समजूत. लोकप्रतिनिधीच्या दृष्टीने पाहिले, तर त्याचेही चूक नाही. जे गिऱ्हाईक मागते, तेच दुकानदार मांडून ठेवतो. मंडप मागणाऱ्याला मंडप मिळाला. स्वच्छ नदी मागणारा कोणी दुकानात आलाच नाही.

पुराच्या बाबतीतही हीच वृत्ती दिसते. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षांच्या पुरांनी सांगलीची बाजारपेठ धुऊन नेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. कापडाचे गठ्ठे पाण्यात गेले म्हणजे काय होते, ते या सभेतील अनेकांना ठाऊक आहे. सुकविल्यावर कापड दिसते, पण त्याचा वास जात नाही. तो वास नदीचा नव्हता, आपल्याच गटारांचा होता. नदीने आपली ठेव परत केली. त्यानंतर शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० साली अहवाल दिला. अतिवृष्टी हे कारण सांगतानाच समितीने पूरक्षेत्रातील अतिक्रमणांकडेही लक्ष वेधले. आपल्या चर्चा मात्र अलमट्टीपाशीच थांबतात. दूरच्या धरणाकडे बोट दाखविणे सोपे असते, कारण तेथे आपल्या ओळखीचे कोणी नसते. ओढ्यावर उभे राहिलेले बांधकाम आपल्या परिचिताचे असते, कधी आपल्या भागीदारीतले असते. साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दाखविणारी निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा कोठून जाते, हे गाळा किंवा सदनिका घेताना आपल्यापैकी किती जण विचारतात? चौरस फुटांचा भाव मात्र सर्वांना तोंडपाठ असतो.

घरच्या आचाराविषयीही थोडे बोलतो. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली आणि दुकानांतून रंगीत, कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या सुरू झाल्या. आमच्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, त्या ‘नॉन-वोव्हन’ पिशव्या म्हणजे कापड नव्हे. त्यात ना ताणा ना बाणा. ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच. विणलेल्या सुती कापडाचा धागा ओढून काढता येतो, तिचा धागा निघत नाही. ही परीक्षा लहान मूलही करू शकते. आपल्या समारंभांत भेटवस्तू याच पिशव्यांतून दिल्या जातात आणि वर ‘अहिंसा परमो धर्म’ छापलेले असते. ती पिशवी गटारात अडकते, पाणी तुंबते, उकिरड्यावर गायीच्या पोटात जाते. एकीकडे गोशाळेस देणगी आणि दुसरीकडे ही पिशवी, हे एकाच वहीत कसे बसवायचे?

टीका पुरे झाली. व्यापाऱ्याने शेवटी सौद्याचे बोलावे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने विश्वस्त मंडळापुढे मी चार सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली, सुरुवात आपल्या वास्तूपासून करावी. आपल्या कार्यालयात लग्ने आणि स्नेहभोजने होतात. भांडी धुतलेले पाणी, खरकटे आणि स्वच्छतागृहांचे सांडपाणी कोठे जाते, याची अभियंत्याकडून पाहणी करून घ्यावी आणि ती वार्षिक अहवालात एका पानावर छापावी. छपरावर पडणाऱ्या पावसाचे पाणी जमिनीत मुरविण्याची सोय याच वर्षी करावी. जे आपण नगराला विचारणार, ते आधी स्वतःला विचारलेले असावे.

दुसरी, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात अशी तरतूद आहे की आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणस्थितीचा अहवाल महापालिकेपुढे ठेवावा. ही तारीख साधारणपणे चातुर्मासाच्या आरंभीची. पावसाळ्यात जीवोत्पत्ती फार, म्हणून साधुसंत या काळात विहार थांबवितात. अशा या पवित्र काळात एका रविवारी तो अहवाल आपल्या सभागृहात मोठ्याने वाचला जावा. किती सांडपाणी निघाले, किती शुद्ध झाले, गेल्या वर्षीच्या तुलनेत काय बदलले, एवढे तीन प्रश्न पुरेत. अहवाल उपलब्ध झाला नाही, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. हे काम आपल्या तरुणांनी करावे. त्यांच्यात सनदी लेखापाल आहेत, अभियंते आहेत, वकील आहेत. ताळेबंदातील लपविलेली बाकी शोधण्यात जो समाज वाकबगार आहे, त्याला हे अवघड नाही.

तिसरी, यापुढे आपल्या व्यासपीठावर ज्या लोकप्रतिनिधींचा सत्कार होईल, त्यांना शाल-श्रीफळासोबत एका कागदावर याच विषयाचे दोन लेखी प्रश्न द्यावेत आणि पुढील वर्षी त्यांचे उत्तर मागावे. पक्ष कोणताही असो, प्रश्न तेच असावेत. असे केल्याने आपल्यावर कोणा एका पक्षाचा शिक्का बसणार नाही आणि भाषेची समितीही पाळली जाईल.

चौथी, आमच्या कापड व्यापाऱ्यांची. ट्रस्टच्या प्रत्येक कार्यक्रमासाठी सुती पिशव्या लागतील, तेवढ्या देण्याची जबाबदारी आम्ही काही व्यापारी मिळून उचलतो. त्यासाठी मांजरपाटच वापरू. पिशवी फाटली, तर तिचे गाळणे करता येईल.

बंधुभगिनींनो, पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी ही संस्था उभी केली, त्यांच्यापैकी अनेकांनी कृष्णेच्या घाटावर उतरून ओंजळीने पाणी प्यायले असेल. त्यांनी आपल्या हाती संस्था दिली, वास्तू दिली, शिल्लक ठेवी दिल्या. या सर्वांचा हिशेब आपण चोख ठेवला. नदीचा हिशेब कोणत्याच वहीत लिहिला नव्हता, म्हणून ती तोट्यात गेली. पुढची पिढी शताब्दी साजरी करील, तेव्हा तिच्या हाती जी वही जाईल, तिच्यात हे खाते उघडलेले असावे, एवढीच माझी विनंती. आरंभीच्या पानावर बाकी मोठी दिसेल. हरकत नाही. खाते उघडले की वसुलीचा मार्ग निघतो, हा आपल्या बाजारपेठेचा जुना अनुभव आहे.